टेम्सकाठचे मातीचे पाइप: वय वाटीवरून ओळखा, भोकावरून नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या एका गृहस्थांचा मुलगा लंडनला एमएस्सीसाठी गेला आहे. ओहोटीच्या वेळी तो टेम्सच्या काठावर उतरला आणि त्याला पांढऱ्या मातीच्या नळ्यांचे पुष्कळ तुकडे आणि तीन वाट्या, म्हणजे तंबाखू भरायची टोकं, मिळाल्या. तंबाखू ओढायचे हे जुने पाइप, हे त्याला कळलं. नळीचं भोक मोजून साल काढता येतं असं वाचल्यावर त्याने एक तुकडा मोजला, भोक २.४ मिलिमीटर भरलं आणि सूत्राने उत्तर आलं १७०२. ते बरोबर आहे का, हे तुकडे सुटीत पुण्याला आणता येतील का आणि पुढे संग्रह करायचा तर सुरुवात कशी करावी, असे तीन प्रश्न आहेत. सोबत फोटोही पाठवले आहेत.

लंडनमधल्या उत्खननांतून येणाऱ्या पाइपांचं वर्गीकरण करणं हे माझं कामच आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. पण आधी पुण्याला आणण्याबद्दल, कारण ते तातडीचं आहे.

टेम्सचा काठ सगळ्यांसाठी मोकळा वाटतो, पण तसा तो नाही. टेडिंग्टनपासून टेम्स बॅरियरपर्यंतच्या पट्ट्यात काहीही शोधायचं असेल, अगदी नुसतं वाकून वरवरचं उचलायचं असलं, तरी पोर्ट ऑफ लंडन अथॉरिटीचा परवाना लागतो. मागणी इतकी वाढली की नोव्हेंबर २०२२ मध्ये नवे परवाने देणंच थांबवावं लागलं. नंतर प्रतीक्षायादी सुरू झाली. क्वीनहाइदसारख्या संरक्षित जागेत तर परवाना असला तरी हात लावायचा नाही. ३०० वर्षांहून जुनं काही सापडलं तर ते पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमच्या (लोकांना सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या योजनेच्या) लंडन म्युझियममधल्या अधिकाऱ्याला दाखवावं लागतं. आणि देशाबाहेर न्यायचं म्हटलं तर आणखी एक नियम आहे: ब्रिटनच्या जमिनीत किंवा पाण्यात सापडलेली, ५० वर्षांहून जुनी पुरातत्त्वीय वस्तू निर्यात परवान्याशिवाय नेता येत नाही, मग तिला बाजारात कवडीची किंमत का नसेना. तेव्हा मुलाला सांगा, हे तुकडे बॅगेत भरू नकोस. त्या अधिकाऱ्याला ईमेल लिहून कुठून आणि कधी उचलले ते खरं खरं सांगावं आणि पुढे काय करायचं ते विचारावं. तिथली माणसं नीट ऐकून घेतात, असा माझा अनुभव आहे.

आता १७०२ कडे येऊ. हे उत्तर मी स्वीकारणार नाही, आणि का ते कळलं की पाइप वाचायचे कसे हेही बरंचसं कळेल.

भोक मोजण्याची कल्पना अमेरिकन पुरातत्त्वज्ञ जे. सी. हॅरिंग्टन यांची. व्हर्जिनियातल्या जेम्सटाउन आणि आसपासच्या जागांवर इंग्रजी पाइपांचे तुकडे ढिगाने निघत होते. त्यातल्या ज्या पाइपांचा काळ इतर मार्गांनी ठाऊक होता त्यांची भोकं त्यांनी मोजली आणि १९५४ मध्ये दाखवून दिलं की काळ पुढे सरकतो तसं भोक बारीक होत जातं. माप इंचाच्या ६४व्या भागात घ्यायचं. १७व्या शतकाच्या सुरुवातीला ९ किंवा ८ भाग, १६५० ते १६८० मध्ये ७, १६८० ते १७२० मध्ये ६, मग ५, आणि १८व्या शतकाच्या उत्तरार्धात ४. पुढे लुईस बिनफर्ड यांनी याचं सूत्र बांधलं: १९३१.८५ वजा ३८.२६ गुणिले भोकाची सरासरी. तुमच्या मुलाचं २.४ मिलिमीटर म्हणजे जवळजवळ ६ भाग, आणि ६ घातले की १७०२ येतं. गणित चोख आहे.

पण सूत्रातला तो 'सरासरी' शब्द महत्त्वाचा आहे. एका ठिकाणी, एकाच थरात, एकाच काळात पडलेल्या पुष्कळ तुकड्यांची सरासरी काढली तर सूत्र बऱ्यापैकी चालतं. एका तुकड्यावर ते लावायचं नसतं, कारण एकाच वर्षी शेजारशेजारच्या दोन कारागिरांच्या हातात भोक पाडायच्या वेगवेगळ्या जाडीच्या तारा असायच्या. टेम्सच्या काठावर तर तीनशे वर्षांचा कचरा रोज दोन वेळा भरती-ओहोटीने ढवळला जातो. तिथल्या मूठभर नळ्यांची सरासरी काढून हाती काहीच लागत नाही. डच पाइपांना हे सूत्र लागू पडत नाही. १७८० च्या सुमारानंतरच्या इंग्रजी पाइपांनाही नाही. सूत्र तसंच पुढे ताणलं तर १९३२ च्या सुमाराला पाइपला भोकच उरत नाही, यावरून त्याची मर्यादा ध्यानात यावी.

भोक बारीक होत का गेलं, हे पाइप कसा बनायचा ते पाहिलं की समजतं. पांढरी माती डॉर्सेट, डेव्हन भागातून यायची. तिच्यात लोह फार कमी, म्हणून भाजल्यावर लाल न होता पांढरी राहते. कारागीर मातीची लांब वळी वळायचा, एका टोकाला वाटीपुरता गोळा ठेवून. ती वळी जरा सुकली की तेल लावलेली तार नळीच्या बाजूने आत सरकवत न्यायची. डोळ्यांनी काही दिसत नाही. तारेचं टोक कुठवर गेलं ते दुसऱ्या हाताच्या बोटांना मातीतून जाणवतं, त्या अंदाजावर ती मधोमध ठेवायची. मग तारेसकट ती वळी करंजीच्या साच्यासारख्या दोन पाळ्यांच्या धातूच्या साच्यात ठेवून साचा शिकंज्यात आवळायचा आणि वरून दट्ट्या दाबून वाटी पोकळ करायची. शेवटी तार आणखी थोडी पुढे ढकलायची, म्हणजे भोक वाटीत उघडतं. बाहेर काढून जोडाची रेघ सुरीने तासायची, काठ साफ करायचा, आणि चांगला माल असेल तर गारगोटीसारख्या गुळगुळीत दगडाने घासून चकाकी आणायची. पाइप लांब होत गेले तशी नळी सडपातळ करावी लागली, आणि सडपातळ नळीत जाड तार घातली तर ती फाटते. म्हणून तार बारीक झाली. म्हणजे भोकाचं माप हा नळीच्या लांबीचा परिणाम आहे. काळाशी त्याचं नातं दूरचं.

वाटीचं तसं नाही. वाटीचा आकार बदलला तो तंबाखूच्या भावामुळे आणि गिऱ्हाइकाच्या आवडीमुळे, आणि ते बदल लंडनभर साधारण एका वेळी झाले. इंग्लंडमध्ये मातीचे पाइप १५७०-८० च्या सुमाराला दिसू लागतात. तंबाखू तेव्हा फार महाग, म्हणून वाटी एवढीशी की करंगळीचं टोक जेमतेम आत जावं. पहिल्या जेम्स राजाला या व्यसनाचा मनापासून तिटकारा. १६०४ मध्ये त्याने तंबाखूविरुद्ध पुस्तिका लिहिली आणि आयात कर पौंडभर तंबाखूमागे २ पेन्सवरून ६ शिलिंग १० पेन्सवर नेला. (त्याच सुमाराला आपल्याकडे असद बेग विजापूरहून तंबाखू घेऊन अकबराच्या दरबारात गेला होता. दोन दरबारांत एकाच वेळी हे पान पोचलं, याचं मला नेहमी अप्रूप वाटतं.) कर वाढला तरी ओढणारे थांबले नाहीत आणि १६१९ मध्ये याच राजाने पाइप बनवणाऱ्यांच्या संघाला सनद दिली. व्हर्जिनियात जॉन रॉल्फने १६१२ च्या सुमाराला तंबाखूची लागवड यशस्वी केली, पुढे तिथून जहाजं भरभरून माल येऊ लागला, भाव पडले आणि वाटी मोठी होत गेली.

म्हणून पाइप हातात घेतला की मी आधी पाहते वाटीचा आकार, मग काठाचा कल, मग टाच, आणि कारागिराचा शिक्का अगदी शेवटी. वाटीच्या तळाशी जो छोटा चपटा पाया असतो ती टाच. काही पाइपांना तिच्याजागी टोकदार काटा असतो. लंडनच्या वाट्यांची आकारवार मांडणी अॅटकिन्सन आणि ऑस्वल्ड यांनी १९६९ मध्ये केली. आजही आम्ही तिचेच क्रमांक वापरतो.

आता फोटोंतल्या तीन वाट्या एकेक घेऊ.

पहिली बुटकी, मध्ये फुगलेली, नळीपासून पुढे झुकलेली. तिचा काठ नळीला समांतर नाही, तिरका आहे. काठाखाली बारीक दातेरी रेघ आहे. ही रेघ १७व्या शतकाची मोठी खूण: दातेरी पात्याने ती ओल्या मातीवर उमटवत, आणि १८वं शतक उजाडता उजाडता लंडनमध्ये ती जवळजवळ नाहीशी होते. तुमच्या वाटीवर ती पूर्ण फिरलेली नाही, धूम्रपान करणाऱ्याच्या बाजूला निम्म्यापर्यंतच आहे, तेही नेहमीचंच. टाच चपटी आणि रुंद. एवढ्यावर मी हिला १६४० ते १६८० मध्ये ठेवेन. वाटीची उंची आणि काठाचा बाहेरचा व्यास कळला तर आणखी जवळ जाता येईल. हाच तो प्लेगचा काळ. ७ जून १६६५ रोजी सॅम्युअल पेपिसने ड्रुरी लेनमध्ये दारांवर लाल फुल्या पाहिल्या आणि घाबरून हुंगायला अन् चघळायला तंबाखू विकत घेतला, असं त्याने रोजनिशीत लिहिलं आहे. तुमच्या हातातली वाटी त्याच पिढीतली आहे.

दुसरी उभट, पातळ भिंतीची. काठ सरळ कापलेला आणि नळीला समांतर, दातेरी रेघ नाही. टाचेच्या दोन बाजूंना उठावाची अक्षरं आहेत, ओढणाऱ्याच्या डावीकडे 'आय' आणि उजवीकडे 'एस'. हा १८व्या शतकातला लंडनचा अगदी ओळखीचा प्रकार आहे, साधारण १७०० ते १७७०. डावीकडचं अक्षर कारागिराच्या नावाचं, उजवीकडचं आडनावाचं. त्या काळी 'जे' ऐवजी 'आय' कोरत, म्हणून नाव जॉन, जेम्स, जोसेफ यांपैकी कुठलंही असू शकतं. आणि आडनाव 'एस'ने सुरू होणारे पाइप कारागीर लंडनमध्ये त्या सत्तर वर्षांत किती असतील याचा विचार करा.

नवशिक्या संग्राहकांची गाडी इथेच घसरते. अक्षरं दिसली की ते कारागिरांच्या यादीत जुळणारं नाव शोधतात, त्याची सनावळी उचलून पाइपला चिकटवतात. ब्रिस्टलच्या रॉबर्ट टिपेटचं उदाहरण पाहा. त्याच्या 'आर. टी.' शिक्क्याचे पाइप अमेरिकेतल्या वसाहतींत जागोजागी सापडतात. पण रॉबर्ट टिपेट नावाचे बाप, मुलगा आणि नातू असे तिघे एकामागोमाग हाच धंदा करत होते. शिक्का तिघांचाही चालेल; कुठल्या पिढीचा ते वाटीच सांगते. शिक्क्यांची नक्कलही सर्रास व्हायची. विल्टशरमधल्या एम्सबरीच्या गॉन्टलेट घराण्याचे पाइप इंग्लंडात नावाजलेले. टाचेखाली लोखंडी हातमोज्याचा शिक्का हीच त्यांची खूण. १७व्या शतकात थॉमस फुलर यांनी लिहून ठेवलंय की एका दुसऱ्या कारागिराने तोच हातमोजा आपल्या मालावर उठवला, तेव्हा मूळ मालकाने त्याच्यावर फिर्याद केली. आरोपी हरणार असं दिसत असताना त्याने सांगितलं की मी याचा शिक्का वापरलेलाच नाही, याच्या मोज्याचा अंगठा एका बाजूला आहे आणि माझ्याचा दुसऱ्या! शिक्का पाहताना बारकाईने का पाहायचं, त्याचं याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही.

तिसऱ्या वाटीवर पुढच्या-मागच्या जोडाच्या रेघेवरून पानांची वेल चढवली आहे. ही १९व्या शतकातली, बहुधा पूर्वार्धातली. पानं नुसती शोभेची नाहीत. साच्याचा जोड तासत बसण्याचं काम वाचावं म्हणून तो नक्षीत झाकून टाकत. माल स्वस्तात आणि भराभर काढायचा होता. या शतकात पाइपवर काय काय येतं पाहा: राजघराण्याची चिन्हं, पलटणींची नावं, आयरिश वीणा, माणसांची मुंडकी. मुंडक्यांच्या पाइपांत फ्रान्समधल्या जिव्हे गावच्या गॅम्बिए कारखान्याला तोड नाही. हा कारखाना १९२६ पर्यंत चालला. नळीवर गावाचं किंवा देशाचं नाव आढळलं तर तोही धागा असतो. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्याने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं झालं, त्यामुळे निर्यातीच्या पाइपवर देशाचं नाव दिसलं तर तो बहुतेक त्यानंतरचा. ग्लासगोच्या मॅक्डूगल कंपनीचं नाव असेल तर १८४६ ते १९६७ एवढा मोठा टप्पा उघडा राहतो.

डच पाइप वेगळे ओळखायला शिकावं लागतं. गौडा शहरात कारागिरांचा संघ १६६० मध्ये झाला. त्यांचा चांगला माल घासून चकचकीत केलेला, टाचेच्या तळाशी इवलासा पण सुबक शिक्का. टेम्समध्येही ते मधूनच भेटतात. त्यांच्यावर लंडनच्या आकारांची सनावळी लावू नका.

नळ्यांचं काय करायचं? फेकू नका, पण त्यांच्याकडून फार मागूही नका. जाड नळी आणि मोठं, मधोमध नसलेलं भोक म्हणजे बहुधा १७वं शतक. बारीक, गोल, एकसारखी नळी म्हणजे नंतरची. तोंडाकडचं टोक मिळालं तर नीट पाहा. भाजलेली कोरडी माती ओठाला चिकटते, म्हणून टोकाला मेण किंवा झिलई लावत. हिरवी, पिवळी, तपकिरी झिलई दिसली तर १८वं शतक सरत आलेलं असतं किंवा १९वं. आणि एक दंतकथा इथेच निकालात काढते. खानावळीत एकच पाइप सगळ्यांत फिरायचा आणि प्रत्येक जण आपल्या आधीच्याचं टोक मोडून टाकायचा, म्हणून इतके तुकडे सापडतात, असं गाइड लोक हटकून सांगतात. त्याला पुरावा नाही. काळवंडलेले पाइप लोखंडी जाळीत ठेवून पुन्हा भाजून पांढरे करत, हे मात्र खरं आहे. तुकडे इतके सापडतात कारण पाइप कमालीचा स्वस्त होता आणि पडला की मोडायचा.

आता संग्रहाबद्दल. मुलाला खरंच गोडी लागली असेल तर जुन्या संग्रहातून बाहेर पडलेले पाइप विकत घेऊन सुरुवात करावी. साधी १८व्या-१९व्या शतकातली वाटी काही पौंडांत मिळते. पैसे घालताना पहिला प्रश्न विचारावा: हा कुठे सापडला? उत्तर नसेल तर मी सहसा घेत नाही, कितीही देखणा असला तरी. ब्रोझली गावाला सापडलेली साधी फुटकी वाटी मला 'इंग्लंड' एवढंच लिहिलेल्या अखंड पाइपपेक्षा जास्त उपयोगाची, कारण अक्षरं कोणाची हे ठरवायचं तर गाव कळायलाच हवं. सगळंच जमवण्याच्या मागे लागू नये. एक शहर घ्यावं, किंवा एक कारागीर, किंवा १६४० ते १७१० हाच एक कालखंड. त्यात डोळा लवकर तयार होतो. एकाच साच्यातले दोन पाइप ओळखता येऊ लागले की खरी मजा सुरू होते. साच्यावर पडलेला ओरखडा त्यातून निघालेल्या प्रत्येक पाइपवर त्याच जागी उठतो. भिंगातून तो सापडला की दूरच्या दोन गावांतले तुकडे एकाच माणसाच्या बाकावरचे ठरतात. लिव्हरपूल विद्यापीठातल्या नॅशनल पाइप अर्काइव्हची सामग्री यासाठी फार कामाची आहे.

नकली माल या छंदात कमी, कारण खराच स्वस्त आहे. तरी पर्यटकांसाठी केलेले नवे पाइप जुने म्हणून खपवले जातात. त्यातले बरेचसे पातळ माती साच्यात ओतून केलेले असतात. त्यांच्या नळीचं भोक तारेने पाडल्यासारखं सरळ नसतं, आतून नळी पोकळ आणि ऐसपैस असते. भोकात उजेड धरून पाहिलं की लगेच कळतं.

धुताना साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरे. ब्लीच नको, व्हिनेगर नको, भोकात तार घालून कोरणं नको. सावलीत हळूहळू वाळवा. वाटीत काळी काजळी असेल तर राहू द्या. मग प्रत्येक तुकड्याला क्रमांक द्या: पॅरालॉइड बी-७२ या अॅक्रिलिक राळेचा छोटा ठिपका द्यायचा, तो वाळला की त्यावर शाईने लिहायचं. म्हणजे शाई मातीत मुरत नाही आणि गरज पडल्यास अॅसिटोनने पुसता येते. वहीत त्या क्रमांकापुढे जागा, तारीख आणि मापं.

पहिल्या वाटीबाबत मला अजून दोन गोष्टी हव्यात: काठाचा बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये, आणि टाचेच्या तळाचा फोटो, उजेड एका बाजूने पडेल असा. आलेल्या फोटोत तळ सावलीत गेला आहे. तिथे शिक्का असेल तर तो तिरप्या उजेडातच दिसेल.